फुलाआधी आणि फुलानंतर



आजच्या विषयाबद्दल माझे जे ठाम म्हणणे आहे ते आधीच सांगून टाकते. फुलाचा फोटो काढायचा तर त्या झाडाचे सगळे वर्ष पाहायला हवे. कळी, पान, खोड, शेंग, मुळाखालची माती, फुलावर येणारी माशी आणि भुंगा यांतले काहीच ज्याच्या कॅमेऱ्यात नाही, त्याच्याकडे सुंदर फोटो असतील. पण त्याची फुलांशी ओळख झाली आहे असे मी म्हणणार नाही. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि दर पावसाळ्यात आपल्याकडे फुलांच्या फोटोंचा पूर येतो. त्यातल्या बहुतेकांत एकच फूल असते, ऐन बहरातले, समोरून टिपलेले, मागचे सगळे धूसर. ते कुठल्या महिन्यात, कसल्या जमिनीवर, कुणाच्या सोबतीने उमलले, याचा त्यावरून पत्ता लागत नाही.

सध्या उन्हाळा आहे, तेव्हा बाहेर रस्त्यावर जे फुलले आहे तिथूनच निघू. पळस, पांगारा आणि काटेसावर होळीच्या आगेमागे फुलून गेले. आता बहावा लोंबतो आहे आणि आपले राज्यफूल असलेला तामण जांभळा झाला आहे. थोड्या दिवसांत गुलमोहर पेटेल. ही झाडे दिसायला सोपी आणि फोटोला अवघड आहेत. जास्वंद, पळस, गुलमोहर यांचा तांबडा रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. चित्रातला हिरवा आणि निळा अजून मापात असतो तेव्हाच तांबडा काठोकाठ भरून सांडायला लागतो. मग पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या, मखमल सगळे जाते आणि तांबड्या रंगाचा सपाट ठिपका उरतो. यावर इलाज साधा आहे. एक्स्पोजर एका स्टॉपने कमी करा आणि हिस्टोग्राममध्ये तांबडी रेघ वेगळी पाहा.

पांढऱ्याची गोष्ट निराळी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरीने करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. मोगऱ्याच्या फुलांनी भरलेली परडी त्याच्यासमोर धरली तर तो ती करडी करून टाकतो. तिथे एक्स्पोजर वाढवावे लागते. तोच मोगरा गर्द पानांत एकटा असेल तर कॅमेरा पानांच्या काळोखाला भुलून जास्त उजेड घेतो आणि फूल जळून जाते. तिथे कमी करावे लागते. म्हणजे फूल तेच, दुरुस्ती उलटी. हे एकदा समजले की पुस्तकातले तक्ते पाठ करायची गरज राहत नाही.

जांभळ्या आणि निळ्या फुलांनी तर छायाचित्रकारांना फिल्मच्या काळापासून छळले आहे. काही निळी फुले डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा आणि त्याही पलीकडचा प्रकाश बराच परत टाकतात. आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही, रंगीत फिल्मला मात्र जाणवायचा. त्यामुळे निळे फूल फोटोत गुलाबीकडे झुकलेले यायचे. डिजिटल कॅमेऱ्यात त्या पलीकडच्या प्रकाशाला अडवणारी काच असते. तिथे बऱ्याचदा उलटे होते आणि जांभळा निळसर येतो. तामण असो की कारवी, रंगाबाबत माझा विश्वास यंत्रावर नाही. झाडासमोर उभे असतानाच वहीत रंग लिहून ठेवावा: फिकट वांग्याच्या सालीसारखा, कडेला पांढुरका. घरी आल्यावर संगणकावर रंग जुळवताना ती ओळ उपयोगी पडते.

पहिला पाऊस पडला की जमिनीतले कंद जागे होतात. फोडशीची भाजी आपण ज्या झाडाची करतो त्या पांढऱ्या मुसळीला जूनमध्ये चांदणीसारखी फुले येतात. मग चवर येते, भुईआमरी येते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर दीपकाडीची तिथलीच एक जात पांढऱ्या लांब फुलांनी जुलैत डोके वर काढते. हे सडे मार्च महिन्यात पाहिलेल्या माणसाला तिथे काही उगवेल यावर विश्वास बसत नाही. ओसाड पडीक जागा समजून त्यांवर खाणी निघतात, सुरुंग लावून खड्डे केले जातात आणि बागा उभ्या राहतात. म्हणून सड्याचा फोटो मेमध्येही काढावा आणि जुलैत त्याच जागेवर उभे राहून पुन्हा काढावा. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की ती जागा पडीक आहे असे म्हणायला कुणाचीही जीभ अडखळेल.

आता कास. त्याबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, हे मला माहीत आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवरचे हे जांभ्याचे पठार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. बहुतेक लोक मात्र तिथे सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी जातात आणि गुलाबी तेरड्याचा गालिचा पाहून परततात. पठाराचे रंग पावसाबरोबर पालटतात. साधारणपणे आधी गेंदाचे पांढरे ठिपके, मग तेरडा आणि सीतेची आसवे यांचे गुलाबी-जांभळे दिवस, आणि पाऊस ओसरताना कवला आणि सोनकीचा पिवळा. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो. पठारावरच्या फुलांचा अख्खा मोसमही फार मोठा नसतो, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. या सात-आठ आठवड्यांत एकाच जागी दोन-तीन वेळा जाणाऱ्याला जे दिसते, ते दहा ठिकाणी एकेकदा जाणाऱ्याला कधीच दिसत नाही.

तिथली फुले इतकी लहान, इतकी दाट आणि एवढ्या घाईची का, हेही फोटोतून दिसले पाहिजे. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम असतो, कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाने त्यातला नत्र धुऊन जातो. त्यामुळे काही वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब आपल्याला दिसतात. सीतेची आसवे मात्र आपले सापळे ओल्या मातीत दडवते: बारीक फुगे, सूक्ष्म जीव जवळ आला की डोळ्याचे पाते लवायच्या आत त्याला आत ओढणारे. वरचे निळे-जांभळे फूल टिपून आपण निघून जातो आणि त्या झाडाचे खरे जगणे पायाखाली राहते. निदान त्याभोवतालचा ओला कातळ तरी चौकटीत घ्या. पाणी कुठवर आहे, माती किती आहे, शेजारी गेंद आहे की गवत, हे त्या फुलाच्या फोटोत असायलाच हवे.

यासाठी मोबाइल उत्तम. त्याचा सेन्सर लहान, म्हणून जवळचे फूल आणि मागचे पठार दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. मोठा कॅमेरा आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स यांचे काम वेगळे. अगदी जवळून टिपताना फोकसची खोली काही मिलिमीटरच उरते. ॲपर्चर ११ किंवा १६ वर न्यावे. त्यापुढे गेले तर चित्र पुन्हा मऊ पडू लागते. फुलाचा जो भाग महत्त्वाचा, त्याला कॅमेऱ्याची पाठ समांतर धरावी. पावसाळी ढगांचा उजेड फुलांना मानवतो. ऊन आलेच तर पांढरी छत्री धरावी, उजेड पसरतो आणि वाराही अडतो. फ्लॅश शक्यतो नको, ओल्या पाकळ्या त्यात काचेसारख्या चमकतात.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगते. पठारावर आडवे पडून फोटो काढू नका. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणायचा म्हणून माणूस झोपतो, आणि एका फुलाच्या चित्रासाठी त्याच्या अंगाखाली शेकडो रोपे चिरडतात. त्यातली बरीचशी एका पावसाचीच असतात. बी धरण्याआधी मोडली तर पुढच्या वर्षीच्या फुलांचे बीच त्या मातीत पडत नाही. उघडा कातळ शोधा, त्यावर बसा आणि तिथून जे दिसेल ते टिपा. लांब लेन्स असेल तर पायवाटेवरूनच काम होते.

कुणी फोटो पाठवून फुलाचे नाव विचारतात तेव्हा माझा बऱ्याचदा निरुपाय होतो. कवल्याचे उदाहरण घ्या. पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असले की लोक त्याला मिकी माउस म्हणतात आणि समोरून फोटो काढतात. त्याच्या जाती ओळखायच्या तर पाकळ्यांमागे असलेल्या हिरव्या निदलांवरच्या शिरा पाहाव्या लागतात. त्या समोरून दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक झाडाचे निदान चार फोटो असावेत: पूर्ण झाड जमिनीसकट, पान दोन्ही बाजूंनी, फूल समोरून, आणि फूल बाजूने किंवा मागून. फळ धरले असेल तर पाचवा. शेजारी नाणे किंवा बोट ठेवले की आकार कळतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे वाळवलेले नमुने होते. वाळताना फुलाचा रंग उडतो, ठेवण दबते. ती उणीव आपला फोटो भरून काढू शकतो, पण त्यावर तारीख आणि जागा असेल तरच.

कंदीलपुष्पाच्या बाबतीत तर एका फोटोने भागतच नाही. त्याची फुले म्हणजे खाली फुगीर आणि वर नळीसारखी घडण. चिमुकल्या माश्या वासाने ओढल्या जाऊन नळीत उतरतात. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे त्यांना परत वर येता येत नाही. पुढे ते केस सुकतात आणि माशी पराग घेऊन बाहेर पडते. काही जातींत ताठ उभे असलेले फूल तोवर खाली कलते. पहिल्या दिवशीचा उभ्या फुलाचा आणि नंतरचा कललेल्या फुलाचा, असे दोन फोटो शेजारी असले तरच ही हकिकत उलगडते. कळलावीचेही तसेच: उमलताना हिरवट-पिवळी, मग पिवळी-तांबडी, शेवटी जवळजवळ सगळी तांबडी. एकाच वेलीवर तिन्ही अवस्था मिळतात. त्या एका चौकटीत आणण्यासारखे दुसरे समाधान नाही. या दुर्मिळ फुलांच्या जागा मात्र जाहीर करू नका. कंदीलपुष्पाच्या अनेक जातींचे कंद खाण्यासाठी खणून नेले जातात, आणि ऑर्किडे उपटून नेणारेही असतात. तालुक्याचे नाव पुरे, नकाशावरची खूण नको.

घरच्या बागेला मी कमी लेखत नाही. उलट वर्षभर पाहणे जमते ते तिथेच. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे गळतो. त्याचा फोटो काढायचा तर सूर्याआधी उठायला हवे. केशरी देठ दिसावा म्हणून गळलेली फुले उलटी-सुलटी जशी पडली तशीच राहू द्यावीत, नीट मांडू नयेत. ज्याला आपण बागेत ब्रह्मकमळ म्हणतो ते मूळचे मध्य अमेरिकेकडचे निवडुंग आहे. पावसाळी रात्री ते तासादोन तासांत आपल्या डोळ्यांदेखत उमलते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, बाजूने मंद दिवा ठेवून दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला तर उमलण्याची सगळी गती हाती लागते. गुलबक्षी संध्याकाळची, जास्वंद बहुधा एका दिवसाची. हिवाळ्यात कोरांटी, शेवंती, झेंडू आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले प्रदर्शन, हे सगळे तुमच्या ओळखीचे आहे.

हिवाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या टेकड्यांवर जे केशरी कॉसमॉस पसरते, त्याबद्दल मात्र मला बोललेच पाहिजे. ते मेक्सिकोकडचे झाड. त्याच्या ताटव्यात उभे राहून लोक हौसेने फोटो काढतात. दिसायला ते मनोहर आहे, पण त्याच्या दाटीत तिथली मूळची गवते आणि लहान फुले गुदमरतात. त्या ताटव्याचा फोटो जरूर काढा, आणि वर्षावर्षाला तो किती पुढे सरकला हे दिसेल अशा एकाच ठिकाणाहून काढा. झाडांच्या पालवी-फुला-फळांच्या नोंदी लोकांकडून गोळा करणारा सीझनवॉचसारखा उपक्रम आपल्या देशात चालतो, त्यात एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा पाहायचे असते. छायाचित्रकारांनी त्याची शिस्त उचलण्याजोगी आहे.

शेवटी कारवीबद्दल. ती सात वर्षांनी फुलते असे आपण ऐकत आलो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे आठ वर्षांनी. फुलली की सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. मधली वर्षे ती फक्त हिरवी असते, तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात, आणि तिच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. तिथला पुढचा बहर २०३२ च्या सुमारास यायचा आहे. तेव्हा गर्दी होईल, फोटो निघतील. माझी तुम्हाला विनंती एवढीच, की त्याआधीच्या प्रत्येक पावसाळ्यात एकदा तिथे जा, एकच जागा धरा आणि त्या हिरव्या झुडपांचा फोटो तारखेसह काढून ठेवा.