धाराशिवमधला ‘व्ही’ कुठे गेला?

(एपिसोडचा लिखित मजकूर)

आज विषय डॉक्युमेंटेशनचा आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! मलाही हा विषय कंटाळवाणा वाटायचा. एका फोननंतर वाटेनासा झाला.

२०२२ मध्ये मी एका छोट्या कंपनीत नवीन लागले होते. शेतकऱ्यांना हवामानाचे आणि फवारणीचे मेसेज पाठवायचं आमचं काम. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या आठ फाइल्स रोज सकाळी यायच्या. फाइलचं नाव म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमध्ये जिल्ह्याचं नाव आणि पुढे ‘डॉट सीएसव्ही’. माझ्या पायथन स्क्रिप्टने ते शेपूट कापायचं, उरलेलं नाव यादीत शोधायचं आणि त्या जिल्ह्याला मेसेज सोडायचे. एवढंच.

शेपूट कापायला मी ‘आरस्ट्रिप’ वापरलं. लातूर चाललं, बीड चाललं, जालना चाललं. दोन वर्षं एक तक्रार नाही.

मग २०२४ च्या पावसाळ्यात मामाचा फोन. मामाची शेती तुळजापूर तालुक्यात, सोयाबीन. म्हणाला, “आगं, तुमचा तो फवारणीचा मेसेज बंद पडला का? तीन दिवस झाले, आलाच न्हाई.” मी म्हटलं, “मामा, रिचार्ज संपला असेल, बघ.” तो म्हणाला, “रिचार्ज हाय. शेजारच्यालाबी आला न्हाई.”

मी लॅपटॉप उघडला. अख्ख्या जिल्ह्याला तीन दिवस एकही मेसेज गेला नव्हता. पाऊस उघडला होता, फवारणीचे दिवस होते, आणि आम्ही गप्प. लॉगमध्ये एक ओळ होती: ‘धाराशी’ नावाचा जिल्हा यादीत नाही, पुढे जा.

धाराशी! ‘व’ कुठे गेला?

झालं होतं असं. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. आमच्याकडे येणाऱ्या फाइलचं नाव त्या पावसाळ्यात बदललं. यादीतही नवीन नाव आम्ही वेळेवर घातलं होतं. पण आरस्ट्रिपला तुम्ही ‘डॉट सीएसव्ही’ दिलंत, तर ते त्याला एक शेपूट समजत नाही. ते चार सुटी चिन्हं समजतं: टिंब, सी, एस, व्ही. मग उजव्या टोकापासून सोलायला लागतं. या चारपैकी काहीही दिसलं की काढ, पुढचं बघ, काढ, पुढचं बघ. चारांबाहेरचं अक्षर आलं की थांब. उस्मानाबादच्या शेवटी ‘डी’, म्हणून वाचला. धाराशिवच्या शेवटी ‘व्ही’. गेला.

नंतर मी महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची स्पेलिंग्ज बसून तपासली. शेवटी सी, एस किंवा व्ही असलेला एकच जिल्हा आहे. माझ्या मामाचा.

आता प्रश्न असा की चूक कुणाची? माझी तर होतीच. नाव सापडलं नाही तर गुपचूप पुढे जा, हे मीच लिहिलं होतं. पण मला राग आला होता, म्हणून मी पायथनचं डॉक्युमेंटेशन उघडलं, दोष काढायलाच! आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं: दिलेला मजकूर हा शेपूट म्हणून धरला जात नाही, त्यातली अक्षरं कुठल्याही क्रमाने आली तरी काढली जातात.

म्हणजे माहिती खरी होती. वर्षानुवर्षं तिथेच होती. मी वाचली नव्हती, कारण मी एडिटरमध्ये फंक्शनवर माउस नेला की जी छोटी चौकट येते, तेवढीच वाचली होती. तिथला आशय एवढाच: दिलेली अक्षरं काढून टाकतो. मला वाटलं, बरोबर, मला तेच तर हवंय! ते वाक्य खोटं नाही. पण माझ्या डोक्यातली चुकीची समजूत त्याने हलवली नाही.

आणि ही चूक काही माझ्या एकटीची नव्हती. २०२० मध्ये पायथनमध्ये एक प्रस्ताव आला, पेप ६१६. पायथनमध्ये मोठे बदल सुचवायला असे क्रमांकाचे प्रस्ताव लिहितात. त्यात मांडलेलं कारण हेच: लोक पुन्हा पुन्हा या फंक्शन्सबद्दल गोंधळतात, त्यांना शब्द काढायचा असतो आणि निघतात सुटी अक्षरं. त्यातून ‘रिमूव्हप्रीफिक्स’ आणि ‘रिमूव्हसफिक्स’ ही दोन नवीन फंक्शन्स आली, पायथन ३.९ मध्ये, त्याच वर्षी ऑक्टोबरला. नावातच काम कळतं. शेपूट असेल तर अख्खं कापतं, नसेल तर नाव जसंच्या तसं परत देतं.

म्हणजे मी स्क्रिप्ट लिहिली तेव्हा योग्य फंक्शन येऊन दीड-दोन वर्षं झाली होती. असो.

आता गंमत बघा. आरस्ट्रिपच्या पानावर एक जुनं उदाहरण आहे: मिसिसिपी या शब्दाला आय, पी, झेड ही अक्षरं दिली की शेवटचं आय-पी-पी-आय गळून पडतं. अगदी बरोबर आहे. पण ही अक्षरं बघून कुणाला शेपटाची आठवणही येत नाही, त्यामुळे चूक करणाऱ्याला ते आपलं वाटतच नाही. नंतर तिथे दुसरं उदाहरण आलं: ‘मॉन्टी पायथन’ मधून मधल्या मोकळ्या जागेसकट ‘पायथन’ काढायला जा. तुम्हाला वाटतं ‘मॉन्टी’ उरेल. उरतो फक्त ‘एम’! आणि लगेच खाली, रिमूव्हसफिक्सने ‘मॉन्टी’ उरतो.

मला आज तुम्हाला हेच सांगायचंय. चांगलं डॉक्युमेंटेशन खरं असून भागत नाही. वाचणारा जिथे ठेचकाळणार, तिथेच उदाहरण ठेवावं लागतं. आणि ती जागा तज्ज्ञाला आठवत नाही, त्याला ठेच लागून फार वर्षं झालेली असतात. ती जागा तुम्हाला माहीत असते, जे काल-परवा शिकायला लागलेत त्यांना.

म्हणून “मला अजून कोडिंग नीट येत नाही, मी काय मदत करणार” असं म्हणू नका. पायथनच्या डॉक्युमेंटेशनच्या पानावर बाजूला काही लिंक असतात. ‘रिपोर्ट अ बग’ ने तक्रार नोंदवता येते, ते तर फोनवरूनही जमतं. ‘शो सोर्स’ ने त्या पानाचा मूळ मजकूर दिसतो, साधी टेक्स्ट फाइल असते. हे सगळं गिटहबवर पायथनच्याच कोडसोबत ठेवलेलं आहे. पुल रिक्वेस्ट पाठवायची, पहिल्या वेळी एक करार ऑनलाइन सही करायचा, बस.

लिहिताना तीन गोष्टी. एक, “हे समजत नाही” एवढंच लिहू नका. मी काय वाचलं, मला काय वाटलं, प्रत्यक्षात काय झालं, हे लिहा. दोन, वाढवून लिहू नका. पायथनचे स्वतःचे लेखन-नियम सांगतात की जास्त मजकूर म्हणजे चांगला मजकूर असं नाही, आणि ‘हे धोकादायक, ते धोकादायक’ असं घाबरवण्यापेक्षा गोष्ट कशी वापरायची ते सांगा. तीन, उदाहरण आधी स्वतः चालवून बघा. पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ नावाचं मॉड्यूल आहे. ते डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं खरोखर चालवतं आणि लिहिलेलं उत्तर जुळतं का ते तपासतं. कोड बदलला आणि उदाहरण जुनंच राहिलं, तर लगेच बोंब मारतं.

आम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्क्रिप्ट दुरुस्त केली. नाव सापडलं नाही तर आता ती थांबते आणि आम्हाला मेसेज करते. त्या फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मी एकच उदाहरण घातलंय: धाराशिव डॉट सीएसव्ही, उत्तर धाराशिव. डॉकटेस्ट ते रोज तपासतं. टीममध्ये नवीन मुलगा आला, त्याने विचारलं, “ताई, लातूर-बीड सोडून हेच का घेतलं?” त्याला ही सगळी गोष्ट सांगितली.

मामाला मात्र फक्त “सॉरी मामा, माझी चूक होती” एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “असू दे. उद्या येतोय ना मेसेज?”

आला. सकाळी सातला.

तुम्ही कुठल्या फंक्शनवर ठेचकाळलात ते मला नक्की लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!