इव्हान इलिचचं चुकलं काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठांच्या वाचनकट्ट्यातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



"काका, तुम्ही दर शनिवारी गच्चीवर बसून नक्की करता काय, ते एकदा सांगा," अशी कमिटीची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. आम्ही सात-आठ जण आहोत. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची आणि मग त्यावर बोलायचं, एवढाच नियम. 'बनगरवाडी' झाली, 'रणांगण' झाली, 'कोसला'वर तर दोन जण आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. सगळ्यांचा हिशेब देत बसलो तर जेवण गार होईल. म्हणून एकाच पुस्तकाबद्दल बोलतो, जे आम्हाला चार शनिवार पुरलं.

ते म्हणजे टॉलस्टॉयचं 'इव्हान इलिचचा मृत्यू'. 1886 साली प्रसिद्ध झालेलं, शंभरेक पानांचं. 'वॉर अँड पीस'सारखा ग्रंथराज नव्हे, दोन बैठकींत संपतं. पण संपल्यावर आपल्याला सोडत नाही.

पहिल्याच प्रकरणात नायक मेलेला आहे. कोर्टात मधली सुट्टी झाली आहे, न्यायाधीश मंडळी गप्पा मारताहेत आणि एकजण पेपरात सहकाऱ्याच्या निधनाची बातमी वाचतो. सगळे हळहळतात. पण हळहळता हळहळता प्रत्येकाच्या मनात दुसरंच गणित सुरू होतं. याची जागा कुणाला, आणि त्याची रिकामी झालेली जागा मग कुणाला? एकाला वर्षाला आठशे रुबल जास्त दिसू लागतात. दुसऱ्याला वाटतं, आता मेव्हण्याची बदली जमेल. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. बढत्या-बदल्यांच्या याद्या लागायच्या तेव्हाचे चेहरे मला पाठ आहेत. हे पान वाचताना रशिया काही परका वाटला नाही.

मग टॉलस्टॉय त्याचं आयुष्य सांगतो. हुशार, कामात चोख, हात स्वच्छ. लग्न चांगल्या घरात. बायकोशी पटेनासं झालं तसं त्यानं ऑफिसच्या कामात डोकं खुपसलं. एकदा बढती हुकली, मग खटपट करून मोठ्या पगाराची जागा मिळवली. नवं घर घेतलं, हौसेनं सजवलं. पडदे कसे लावायचे ते कारागिराला दाखवायला स्वतःच शिडीवर चढला, पाय घसरला आणि खिडकीची मूठ कुशीत लागली. थोडं दुखलं, त्यानं हसण्यावारी नेलं. दुखणं तिथून सुरू झालं आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

ताबा मिळाला तेव्हा आपणही अशाच शिड्यांवर चढलो होतो की! पडद्याच्या दांड्या, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, हॉलला कोणता रंग यावरून घरोघरी झालेली भांडणं. म्हणूनच पहिल्या शनिवारी आमचे इंजिनिअर मित्र चिडून म्हणाले, "या माणसाचं चुकलं काय ते सांगा. नोकरी केली, मुलं वाढवली, घर लावलं. लाच खाल्ली नाही. हे चुकीचं असेल तर आपण सगळेच चुकलो."

हाच तो प्रश्न. खुद्द इव्हान इलिच अंथरुणावर पडून तोच विचारतो. मी सगळं रीतसर केलं, मग हे असं कसं? लहानपणी तर्कशास्त्रात शिकलेलं त्याला आठवतं, की माणूस मर्त्य आहे आणि अमका माणूस आहे म्हणून तो मरणार. ते त्या पुस्तकातल्या माणसाला लागू आहे, ठीक. पण मी?

आमच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी 'ययाति' काढली. खांडेकरांची ही कादंबरी 1959 ची. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचंच. बाई म्हणाल्या, "ययातीला भोग पुरत नाहीत म्हणून तो मुलाचं तारुण्य मागतो. त्याला आयुष्य आणखी हवंय. इव्हान इलिचला आहे तेच पुरेसं वाटत होतं, पण ते जगलोच नाही हे त्याला शेवटी कळतं. तो दुसऱ्यांच्या पसंतीचं जगला." इंजिनिअर म्हणाले, "लोकांच्या पसंतीचं जगू नये तर मग सोसायटी कशी चालणार?" हशा झाला, पण प्रश्न खोटा नव्हता.

आमचे डॉक्टर एरवी कमी बोलतात. ते म्हणाले, मला एकच प्रसंग लागला. इव्हान इलिच डॉक्टरकडे जातो. त्याला विचारायचं असतं, दुखणं जिवावरचं आहे का? डॉक्टर त्याला किडनी की अपेंडिक्स यावर व्याख्यान देतो. आणि इव्हान इलिचला उमगतं की हा माझ्याशी तसाच बोलतोय, जसा मी कोर्टात आरोपींशी बोलायचो. इथे डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "त्याचं चुकलं ते हे. समोर माणूस बसलाय हे तो विसरला होता."

आणि माणूस कोण, तर गेरासिम. घरातला तरुण खेडवळ नोकर. बायको, मुलगी, डॉक्टर सगळे म्हणतात, होईल बरं, औषध घ्या. त्या खोटेपणानं रोग्याला दुखण्यापेक्षा जास्त यातना होतात. गेरासिम मात्र तसं बोलत नाही. आपण सगळेच मरणार, मग थोडे कष्ट केले तर काय झालं, असं त्याचं साधं म्हणणं. मालकाला बरं वाटतं म्हणून तो रात्र रात्र त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो.

हे पुस्तक कट्ट्यावर ज्यांनी सुचवलं, ते आज आपल्यात नाहीत. त्यांचं दुखणं त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही. चौथ्या शनिवारी त्यांना जिना चढवेना, म्हणून कट्टा त्यांच्या घरी भरला. ते म्हणाले, "मला भेटायला या, पण 'चेहरा छान दिसतोय' म्हणू नका. पुढचं पुस्तक कोणतं ते सांगा." पुढचे अडीच महिने आम्ही पाळीनं गेलो. कुणी वाचून दाखवलं, कुणी नुसतं बसलं. वहिनी म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत ते भांडायचे फक्त कादंबऱ्यांवरून.

कादंबरीतलं तत्त्वज्ञान मला विचाराल तर ते मोठ्या वाक्यांत नसतं. टॉलस्टॉयनं उत्तर लिहून दिलेलं नाही, शिडी, पडदा आणि खांद्यावरचे पाय दाखवले. इंजिनिअर मित्रांचं समाधान अजून झालेलं नाही, आणि ते होऊही नये.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाक्या दुरुस्त केल्या, कॅमेरे लावले. आज निम्म्याअधिक घरांत सत्तरीपुढचं कुणी ना कुणी आहे. सिंकिंग फंड आहे, पण कुणाचे पाय खांद्यावर घेण्याची तरतूद बायलॉजमध्ये नाही. ती आपली आपणच करायची. शनिवारी सहा वाजता गच्चीचं दार उघडं असतं. तरुणांनीही यावं, वयाची अट नाही. पुस्तक मात्र वाचून यावं.

आता पानं मांडली आहेत. रजा घेतो.