प्रकाशबिंदूंचा वीजखर्च

मनगटावरील घड्याळानें केव्हांही पाहिलें तरी वेळ दाखवावी, ही अपेक्षा कांहीं अवास्तव नव्हे. तथापि २०१८ सालापर्यंत ॲपल कंपनीच्या विजेच्या पडद्याच्या घड्याळाचें तोंड बहुतेक वेळ काळेंच असे. मनगट उचललें कीं पडदा उजळे, हात खालीं गेला कीं विझे. चावीच्या जुन्या घड्याळाला जें सहज साधे, तें या महागड्या यंत्राला साधत नव्हतें! २०१९ सालच्या पांचव्या आवृत्तींत पडदा सतत उजळ राहूं लागला, आणि एकदां भरलेली बॅटरी १८ तास पुरेल हें कंपनीचें आश्वासनही पूर्ववत् राहिलें. याचें एक मुख्य कारण पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागें दडलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या विद्युन्मंडलांत सांपडतें.

या जातीच्या पडद्याला ओलेड म्हणतात. १९८७ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं कार्बनी संयुगांचे दोन अतिशय पातळ थर एकावर एक देऊन, दहा व्होल्टांहूनही कमी दाबानें त्यांतून चांगला प्रकाश काढून दाखविला. त्या दिव्याचाच हा वंशविस्तार होय. द्रवस्फटिकाच्या पडद्यामागें एक दिवा जळत असतो व पुढच्या झडपा त्याचा उजेड कमीजास्त अडवितात. ओलेडचा ठिपका स्वतःच जळतो, आणि काळा असेल तेव्हां जवळजवळ कांहींच वीज खात नाहीं. एवढ्यावरून हा पडदा जात्याच काटकसरी असल्याचा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे.

द्रवस्फटिकाला दाब दाखविला कीं पुरे. ओलेडला मात्र उजेड हवा तितका वेळ प्रवाह अखंड पुरवावा लागतो. आतां एकाखालीं एक १९२० ओळी व प्रत्येक ओळींत १०८० ठिपके असलेला पडदा घ्यावा. सेकंदाला साठ वेळां चित्र लिहावयाचें, तर एका ओळीच्या वाट्याला सेकंदाचा सुमारें एक लक्ष पंधरा हजारावा भाग येतो. तेवढ्या क्षणांत मिळालेली आज्ञा ठिपक्यानें पुढची पाळी येईपर्यंत स्मरणांत ठेवावयाची असते. सर्वांत साध्या मंडलांत याकरितां दोन ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर असतो. पहिला ट्रान्झिस्टर म्हणजे दार. तें उघडलें कीं आज्ञेचा दाब कपॅसिटररूपी घागरींत भरतो. दुसरा म्हणजे नळ. घागरींतील पातळी जेवढी उंच, तेवढा तो अधिक उघडतो व दिव्याला तितका प्रवाह सोडतो.

व्यवहारांत सगळे नळ सारखे नसतात. काचेवरील सिलिकॉनचा थर लेसरच्या झोतानें वितळवून त्याचे स्फटिककण बनवितात. हे कण जागोजागीं निराळे पडतात, म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टर थोड्या निराळ्या दाबाला उघडूं लागतो. या उंबरठ्याच्या वर जितका दाब द्यावा, त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत प्रवाह वाहतो. उंबरठ्यावर १ व्होल्ट देण्याचें योजिलें आणि उंबरठा ०.१ व्होल्टनें वर निघाला, तर प्रवाह १९ टक्क्यांनीं घटतो. शेजारचा ठिपका उजळ, हा मंद, आणि पांढरें पान डागाळलेलें दिसतें. नळ अरुंद करून २ व्होल्ट दिले, तर त्याच चुकीनें होणारी घट १० टक्क्यांच्या आंत येते. उपाय सोपा खरा, पण महागाचा. प्रवाह स्थिर राखण्यासाठीं अशा नळाला स्वतःच्या दोन टोकांमध्यें अधिक दाब लागतो. समजा, दिव्याला ४ व्होल्ट पुरतात आणि ट्रान्झिस्टर स्वतःकरितां ३ व्होल्ट राखतो. तर एकूण ७ पैकीं ३, म्हणजे शेंकडा ४३ भाग वीज, प्रकाश न देतां नुसती उष्णता होऊन जाते. ठिपक्यांची समता आणि विजेची काटकसर यांचें येथें उभें वैर आहे, आणि मंडल आखणाऱ्याचें खरें कसब येथेंच लागतें.

१९९८ सालीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील सारनॉफ संस्थेच्या मंडळींनीं चार ट्रान्झिस्टर व दोन कपॅसिटर यांची एक युक्ति प्रसिद्ध केली. ट्रान्झिस्टरचा उंबरठा बाहेरून मोजण्याऐवजीं त्यालाच तो सांगावयास लावावयाचा. त्याचें नियामक टोक त्याच्याच प्रवाहाच्या टोकाशीं जोडलें, कीं प्रवाह वाहतां वाहतां दाब उतरतो आणि बरोबर उंबरठ्याशीं येऊन थांबतो. तो दाब जपून ठेवावा व चित्राची आज्ञा त्यावर चढवावी; मग उंबरठा कोणताही असो, प्रवाह आज्ञेप्रमाणेंच वाहतो. असमतेची भीति गेल्यामुळें दाबही कमी ठेवतां येतो. पुढें याच तत्त्वावरील सात ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर यांचें मंडल टेलिफोनांत रूढ झालें. वर घेतलेल्या पडद्यांत प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग धरले, तर ट्रान्झिस्टरांची संख्या ४,३५,४५,६०० भरते!

घागर मात्र गळकीच राहिली. सिलिकॉनचें दार बंद केलें तरी पुरतें बंद होत नाहीं. म्हणून चित्र तसूभर बदललें नाहीं, तरी घागर सेकंदाला साठ वेळां भरावी लागे, आणि दर खेपेस लांबलचक तारांतून विद्युद्भार ने-आण करण्यांत वीज खर्ची पडे. घड्याळाच्या मंद, बहुतांशीं काळ्या तोंडावर प्रकाशाचाच खर्च थोडा असल्यानें ही उधळपट्टी विशेष जाणवते.

२००४ सालीं टोकियो तंत्रविज्ञान संस्थेचे हिदेओ होसोनो व त्यांचे सहकारी यांनीं इंडियम, गॅलियम व जस्त यांच्या संयुक्त ऑक्साइडचे पारदर्शक ट्रान्झिस्टर लवचिक पापुद्र्यावर बनवून दाखविले. यांचा गुण असा कीं, बंद असतां ते अत्यल्प गळतात; दोष असा कीं, विद्युत्कण त्यांतून स्फटिककणांच्या सिलिकॉनच्या मानानें मंदगतीनें सरकतात. तेव्हां नळ सिलिकॉनचा आणि घागरीचें दार ऑक्साइडचें, अशी वांटणी झाली. या मिश्र जातीला एलटीपीओ म्हणतात. घड्याळाच्या २०१८ सालच्या चौथ्या आवृत्तींत ती आली, आणि पांचवींत तिच्या आधारें चित्र सेकंदाला साठांऐवजीं एकदांच लिहिण्यापर्यंत मजल गेली.

उन्हांत पांढरें पान वाचणाऱ्यास या युक्तीचा फारसा लाभ होत नाहीं. तेथें वीज खाणारा प्रकाशच होय. शिवाय एक नवी अडचण उभी राहिली. पूर्वीं गळतीला सेकंदाचा साठावा भाग मिळे, आतां पुरता एक सेकंद मिळतो. तेवढ्यांत उजेड किंचित् जरी उतरला, तरी पुढच्या भरणीस तो एकदम वर चढतो, आणि पडद्यानें पापणी लवविल्याचा भास होतो. दार घट्ट असलें तरी सिलिकॉनचा नळ फार वेळ एकाच स्थितींत राहिल्यास त्याचा उंबरठाही थोडा सरकतो. म्हणून कांहीं मंडलांत आठवा ट्रान्झिस्टर घालून मधून मधून त्याला ठिकाणावर आणतात. त्या आठव्यालाही जागा हवी, तार हवी, आणि थोडी वीजही हवीच.