फेलोशिपचा अर्ज आणि तिसऱ्या
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला शाळामास्तर. संशोधनाच्या फेलोशिपवर मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटले होते. गेल्या वर्षी आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी चार-पाच कागद घेऊन माझ्या घरी आली. खाडीतल्या तिसऱ्यांवर तिची पीएच.डी. नुकतीच पुरी झाली होती आणि केंब्रिजच्या एका कॉलेजकडे तिला अर्ज करायचा होता. म्हणाली, "सर, तुम्ही वाचा. तुम्हाला कळले तर त्यांनाही कळेल."

क्षणभर राग आला, खोटे कशाला बोलू? पण तिचे म्हणणे बरोबर होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील कॉलेजे आपला कारभार स्वतः पाहतात. तेथे निवड करणाऱ्या मंडळींत इतिहासाचे, कायद्याचे, गणिताचे असे नाना विषयांचे अध्यापक बसतात. तज्ज्ञांचे मत नंतर मागवतात. पण पहिली चाळणी पुष्कळदा परक्या विषयाच्या माणसाच्या हाती असते. मी तर दुसऱ्याच वाक्याला अडलो. ओहोटीला आपल्या बायका जिथे तिसऱ्या काढतात, तिथे त्या कमी का झाल्या, हा तिचा मूळ प्रश्न तिसऱ्या पानावर जाऊन दडला होता. तो आम्ही पहिल्या ओळीत आणला. तीन रात्री गेल्या त्यात.

येथे नावाचा एक घोटाळा आहे, तो पालकांनी नीट समजून घ्यावा. आपल्याकडे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते ती पीएच.डी. करण्यासाठी. त्यासाठी नेट परीक्षा द्यावी लागते आणि सर्वसाधारण उमेदवाराला वयाची मर्यादा 30 वर्षे असते. मुलींना त्यात 5 वर्षांची सवलत आहे. जानेवारी 2023 पासून तिची रक्कम दरमहा 37,000 रुपये झाली. आपल्या मुलांना आधार असलेली मौलाना आझाद फेलोशिप मात्र 2022 मध्ये नव्या उमेदवारांसाठी बंद झाली, म्हणून नेटकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्याच नावाची फेलोशिप मिळते ती पीएच.डी. संपत आल्यावर किंवा नुकतीच संपल्यावर, बहुधा तीन-चार वर्षांसाठी. बहुतेकींना पगार असतो, काहींना नसतो. तेव्हा जाहिरात शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या माणसांना हे नवे नाही. रामानुजन यांना ट्रिनिटी कॉलेजने 1917 मध्ये निवडले नाही, 1918 मध्ये निवडले. चंद्रशेखर यांना 1933 मध्ये तेथेच फेलोशिप मिळाली. पण ती मिळणार नाही अशी त्यांची इतकी खात्री होती की त्यांनी ऑक्सफर्डला राहण्याची जागासुद्धा भाड्याने घेऊन ठेवली होती! आणि आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर 1963 पासून 1972 पर्यंत किंग्ज कॉलेजचे फेलो होते.

विद्यार्थी मित्रांनो, जाहिराती बहुधा पावसाळा सरता सरता निघू लागतात आणि मुदत फार थोडी असते. दोन किंवा तीन जाणकारांची शिफारसपत्रे लागतात व ती ते परस्पर पाठवतात. आमची गाडी इथेच अडली. एका प्राध्यापकांनी पत्र मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पाठवले. तोवर मुलगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. विचारायला संकोच वाटतो, "सरांना त्रास कसा द्यायचा" म्हणून आपली मुले गप्प बसतात. महिनाभर आधी विचारावे, सोबत आपला मसुदा द्यावा आणि आठवण करून द्यावी. त्यात उद्धटपणा नाही. पुढे यादीत नाव आले तर लिहिलेले प्रकरण मागवतात, मग मुलाखत.

तिचे वडील गॅरेजवर काम करतात. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, फॉर्मला किती पडतील?" त्या कॉलेजला एक पैसाही नव्हता. मग ते जरा थांबून म्हणाले, "आणि मिळाली तर एकटी जाणार?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते मुलीने दिले. मुंबईला वसतिगृहात ती सहा वर्षे एकटीच राहिली होती, एवढेच तिने सांगितले. वडील उठून चहा सांगायला गेले.

फेलोशिप मिळाली नाही. चार-दोन जागांना शेकडो अर्ज येतात. तिचे नाव मुलाखतीच्या यादीतही नव्हते. नकाराचे पत्र दोन ओळींचे होते आणि ते तिने मला वाचून दाखवले, तेव्हा तिचा आवाज स्थिर होता, माझा नव्हता. पुष्कळ कॉलेजे पीएच.डी. नंतर ठराविक वर्षांतच अर्ज घेतात, म्हणून तिच्या हाती फार तर आणखी दोन हंगाम आहेत. यंदा ती तीन कॉलेजांकडे अर्ज करणार आहे. नवा मसुदा परवाच आला. वडिलांनी तो स्वतः आणून दिला, गॅरेजचे हात धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पहिले वाक्य आता मला एका वाचनात कळते. दुसरे अजून अडते. आज रात्री पुन्हा बसणार आहोत.