तुटायलाच बसवलेली पिन

नागझिरा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वाघ येतो, नाहीतर रानकुत्र्यांची टोळी. माझा नागझिऱ्याशी संबंध जरा निराळा आहे. तिरोड्याहून चोरखमाऱ्याच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट आणि एक जुनं मिलिंग मशीन, एवढाच संसार. गोंदिया जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. दिवाळीनंतर धान निघाला की मिलवाल्यांचे शाफ्ट आणि पुल्या दारात येऊन पडतात. उन्हाळ्यात मात्र जंगलाकडची कामं असतात, आणि तीही पाण्याची.

नावातला झिरा म्हणजे झरा. तो बारमाही आहे. पण अभयारण्याचा पसारा सुमारे 153 चौरस किलोमीटरचा. साऱ्या जनावरांनी एकाच पाण्यावर यावं कसं? म्हणून जागोजागी बांधीव पाणवठे असतात आणि मे महिन्यात त्यांतले काही टँकरने भरावे लागतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टँकरच्या पंपाचा शाफ्ट माझ्याकडे आला. ड्रायव्हरने दारातूनच विचारलं, "मिस्त्रीजी, आज होईन का जी? सकाळी टाके भरायचे आहेत."

शाफ्ट 28 मिलिमीटरचा. शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावेत म्हणून त्यांच्यामध्ये लोखंडाची एक चौकोनी पट्टी बसवतात, तिला चावी म्हणतात. या शाफ्टला चावी 8 मिलिमीटर रुंदीची आणि शाफ्टमधली खाच 4 मिलिमीटर खोल. पंपात खडा अडकला होता. चावी शाबूत होती, खाचेच्या भिंती मात्र फाकल्या होत्या. कुणीतरी मोठ्या हौसेने कडक पोलादाची चावी बसवलेली. उपाय सरळ होता: जुन्या खाचेच्या बरोबर समोर, शाफ्टच्या दुसऱ्या अंगाला, नवी खाच पाडायची.

हे काम मिलिंग मशीनचं. विळीवर भाजी चिरताना पातं जागेवर असतं आणि भाजी पुढे सरकते. इथेही लोखंड टेबलावर बांधून पात्याकडे न्यायचं. फरक एवढाच, की पातं गोल असतं आणि फिरत असतं. ते टेबल सरकवण्यासाठी हाताने फिरवायचं हँडल असतं, आणि तेच काम मोटरकडून करून घ्यायची सोय म्हणजे पॉवर फीड. माझा 80 मिलिमीटरचा कटर मिनिटाला शंभरेक फेरे घेतो आणि टेबल मिनिटाला 40 मिलिमीटर सरकतं. पाहणाऱ्याला वाटेल, यंत्र झोपलंय. पण त्या संथ चालीत खंड नसतो, आणि खाचेची सफाई त्यातूनच येते.

त्या दुपारी कटर लोखंडाला लागला आणि टेबल थांबलं. मोटरचा आवाज चालू, कटर फिरतोय, टेबल ढिम्म. माझ्याकडे शिकायला असलेला आयटीआयचा मुलगा म्हणाला, "मामाजी, मोटर गेली वाटते." लोकांचा पहिला संशय नेहमी मोटरवर. मोटर तर फिरत होती!

अशा वेळी आधी कटर जॉबपासून मोकळा करायचा, मशीन बंद करायचं, फीडचा खटका सोडवायचा आणि हँडल हाताने फिरवून पाहायचं. हँडल जड लागलं तर दुखणं टेबलात: पट्ट्या जास्त कसलेल्या, तेल नाही, नाहीतर कीस अडकलेला. हलकं फिरलं तर टेबल आणि स्क्रू निर्दोष, दुखणं मागे कुठेतरी. आमचं हँडल लोण्यासारखं फिरलं. म्हणजे मोटर चांगली, टेबलही चांगलं, मधला दुवा तुटलेला.

पण ड्रायव्हर बाहेर बसलेला होता. दुरुस्ती उद्यावर टाकली आणि खाच हाताने पाडायला घेतली. हँडलच्या एका फेऱ्यात टेबल 5 मिलिमीटर सरकतं. म्हणजे मिनिटाला आठ फेरे, एका फेऱ्याला साडेसात सेकंद. म्हणायला सोपं आहे, करून पाहा! हात रेंगाळला की दाता कापण्याऐवजी घासतो आणि बोथट होतो. हात घाईला आला की दाता तुटतो. शिवाय हे काम कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनेच करावं. त्याच दिशेने केलं तर स्क्रूमधल्या ढिलाईमुळे कटर टेबलालाच ओढून घेतो. मुलाने आणि मी आळीपाळीने हँडल धरलं. चार मिलिमीटरची खोली तीन खेपांत काढली. टँकर रात्री आठला गेला.

दुसऱ्या दिवशी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून खिशात घातले. मशीन उघडं असताना कुणी येऊन बटण दाबणार नाही, याची मला एवढीच खात्री पुरते. टेबलाखालची पेटी उघडली. आत एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला पोलादी दांडा, आणि त्यावर चालणारं ब्राँझचं दातेरी चाक. चाकाचे निम्मे दाते भुईसपाट झालेले आणि तेलात सोनेरी चुरा. मग वर्मला फिरवणारा शाफ्ट जिथे जोडलेला असतो, तिथे पाहिलं. तिथे साध्या मऊ लोखंडाची 5 मिलिमीटरची पिन असायला हवी होती. निघाला काळ्या एलन बोल्टचा तुकडा. कानस त्यावर जेमतेम धरत होती.

मशीन मी सेकंडहँड घेतलेलं. आधी कुणाच्या तरी हातून पिन वारंवार तुटत असणार. टेबल जागेवर थांबवणारे स्टॉपरही गायब होते, त्यावरून कारणाचा अंदाज येतोच. त्या माणसाने टेबल शेवटपर्यंत जाऊन का धडकतं ते पाहिलं नाही. पिनच तुटणार नाही अशी बसवली. ज्या एलन बोल्टवर 12.9 असा आकडा छापलेला असतो, तो दर चौरस मिलिमीटरला 1200 न्यूटनच्या आसपास ताण सोसतो. साधं माइल्ड स्टील 400च्या आसपास. आता टेबल अडलं की पिन जाईना, म्हणून पिनेच्या पुढचं, सगळ्यात महाग चाक गेलं.

हे फक्त वर्कशॉपचं दुखणं नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारी घरं आपण पाहिलेली आहेत. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट दगड लागून तुटतो म्हणून त्या जागी कडक बोल्ट ठोकणारे शेतकरी माझ्याकडे गिअरबॉक्स घेऊन येतात. आणि टँकरच्या शाफ्टमधली ती कडक चावी आदल्या दिवशीच पाहिली होती. पिन कच्ची आहे असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ती कच्ची नाही, स्वस्त आहे. मशीन काढणाऱ्याने विचार करून ठरवलेलं असतं, की अडलंच तर सगळ्यात आधी काय तुटावं. आपण ती पिन पक्की केली की तुटायचं काय, ते यंत्र ठरवतं.

चाकाचे दाते मोजले, 36 भरले. जुनं चाक वर्तमानपत्रात गुंडाळून मी तिरोड्याहून गाडीने नागपूरला गेलो. एवढ्याशा चाकासाठी प्रवास कशाला, असं घरच्यांचं मत. पण वर्मचे दाते नमुना समोर ठेवूनच कापलेले बरे. पाच दिवसांनी नवं ब्राँझचं चाक मिळालं. वर्मवर निळा रंग लावून फिरवलं आणि दात्यांवर तो कुठे उमटतो ते पाहिलं. एका कडेला उमटत होता. पातळ पत्र्याचा वायसर काढून-घालून तो मधोमध आणला. यातच अख्खी सकाळ गेली. तेलही बदललं. कुठलंही उरलेलं गिअर ऑइल इथे ओतू नये. त्यातल्या काही तेलांमधलं गंधक ब्राँझला खातं.

दोन्ही स्टॉपर नव्याने बनवून टेबलाला लावले. मग कटर न लावता, टेबल मधोमध ठेवून, सगळ्यात कमी गतीवर फीड दिलं. दोन्हीकडे जाऊन टेबल आपणहून थांबलं, तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

माइल्ड स्टीलच्या सळीतून मी त्याच्याकडून एकदम सहा पिना करवून घेतल्या. त्या बामच्या डबीत घालून मशीनच्या बाजूला खिळ्याला टांगल्या आहेत. पावसाळ्यात एकदा तो शिकंजा कसायला विसरला, जॉब तिरका झाला आणि टेबल अडलं. कटक् असा बारीकसा आवाज झाला. मेन बंद करून पिन बदलायला त्याला दहा मिनिटं लागली. डबीत आता पाच आहेत.