कांदा कसा चिरावा ?

परभणीच्या एखाद्या घरीं पाहुण्यांसाठीं रस्सा केला आणि तो किंचित् कडवट लागला, कीं त्याचा दोष बहुधा दोनच ठिकाणीं जातो : एक तर मसाल्यावर, नाहीं तर रांधणारीच्या हातावर. मसाला जुना असेल, खोबरें खवट असेल किंवा नव्या सुनेच्या हाताला अजून चव आली नसेल, असें वडील मंडळी म्हणतात. आणि तें मुकाट्यानें ऐकून घेण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाहीं. कांदा कशानें चिरला, किती बारीक चिरला, चिरून किती वेळ तसाच ठेवला, याची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. वस्तुतः रस्सा चुलीवर चढण्यापूर्वींच, विळीच्या पात्यावर, त्याचें अर्धें भवितव्य ठरून गेलेलें असतें.

अख्ख्या कांद्याला वास येत नाहीं, ही गोष्ट रोजच्या पाहण्यांतली असूनहि तिचा विचार सहसा केला जात नाहीं. टोपलींत मणभर कांदा पडलेला असला तरी डोळ्यांना पाणी येत नाहीं. एकच कांदा चिरला कीं सारें घर जागें होतें. याचें कारण असें कीं, कांद्याच्या प्रत्येक सूक्ष्म पेशींत गंधकयुक्त द्रव्यें एका बाजूस असतात आणि त्यांचें विघटन करणारें विकर दुसऱ्या कप्प्यांत बंद असतें. पातें पेशींतून गेलें कीं मधला पडदा फाटतो, दोघांची गांठ पडते आणि क्षणार्धांत तिखट, झोंबणारीं नवीं द्रव्यें तयार होतात. डोळ्यांतून पाणी काढणारा जो पदार्थ, तो तयार करण्यास याखेरीज आणखी एक निराळें विकर लागतें, असें जपानी संशोधकांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. या शोधाबद्दल त्यांना २०१३ सालीं 'इग् नोबेल' हें विनोदी पारितोषिक मिळालें. पारितोषिक विनोदी असलें तरी शोध खराच होता.

तेव्हां कांद्याचा तिखटपणा हा कांद्याचा जितका, तितकाच पात्याचाहि होय. जितक्या अधिक पेशी फुटतील, तितका उग्रपणा अधिक. धारदार विळी पेशी कापते. बोथट सुरी त्या चिरडते. मुळापासून शेंड्याकडे, म्हणजे उभा चिरलेला कांदा कमी पेशी मोडून निघतो आणि शिजतांनाहि आपला आकार धरून राहतो. आडव्या चकत्या केल्या तर त्याच कांद्याच्या फोडी लवकर मऊ पडून रश्शांत विरघळतात. येथें बरोबर आणि चूक असा प्रश्न नाहीं. काय हवें आहे, हें अगोदर ठरवावें आणि मग विळी पुढें ओढावी, इतकेंच.

परभणी जिल्ह्यांत या दृष्टीनें मोठी गंमत आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. त्यामुळें एकाच गल्लींत कांद्याचे दोन निराळे संप्रदाय शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत. दख्खनी मुसलमानी स्वयंपाकांत कांदा उभा आणि अगदीं कागदासारखा पातळ चिरतात, भरपूर तेलांत तांबूस होईपर्यंत तळतात, निथळून कुरकुरीत झाला कीं हातानें चुरतात आणि मग तो दह्याच्या किंवा मटणाच्या रश्शांत मिसळतात. येथें एकसारखेपणाला फार महत्त्व आहे. एक काप जाड आणि एक पातळ असला, तर जाड कच्चा राहतो आणि पातळ करपतो, आणि करपलेले चार काप सबंध हंडी कडू करण्यास पुरेसे होतात.

शेजारच्या मराठी घरांत काळ्या मसाल्याचा रस्सा असतो. तेथें जुनी रीत अशी कीं, कांदा चिरायचाच नाहीं. तो सालीसकट अख्खा निखाऱ्यावर भाजायचा, वरची जळकी साल काढून टाकायची आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याबरोबर तो पाट्यावर वाटायचा. ही रीत आळसाची किंवा अडाणीपणाची नव्हे. उष्णतेनें विकर निकामी होतें. तें निकामी झाल्यावर मग पेशी कितीहि फोडल्या तरी उग्र द्रव्यें तयार होण्याचें कारण उरत नाहीं. म्हणून भाजलेल्या कांद्याचें वाटण गोड लागतें.

हीच गोष्ट उलट्या क्रमानें केली कीं घोटाळा होतो, आणि आजकाल घरोघर घडतें तें नेमकें हेंच. पाटा-वरवंटा परसांत गेला, मिक्सर ओट्यावर आला. वेळ वांचावा म्हणून कच्चाच कांदा मिक्सरमध्यें घालून त्याचा लगदा करतात. त्या एका मिनिटांत बहुतेक पेशी एकदम फुटतात, आणि तो लगदा पुढचें काम होईपर्यंत तसाच ठेवला, तर त्याचा कडवटपणा आणि उग्र दर्प पुढें कितीहि परतलें तरी पुरता जात नाहीं. शिवाय कांद्यांत वजनानें शेंकडा ८६ ते ८९ भाग पाणी असतें. फोडींतून तें हळूहळू बाहेर पडतें. लगद्यांत तें अगोदरच मोकळें झालेलें असतें. असा लगदा गरम तेलांत पडला कीं परतला जाण्याऐवजीं वाफेवर शिजूं लागतो, तडतड उडतो, आणि वरून फिकट दिसत असतांनाच तळाशीं लागतो. ज्या सुनेच्या हाताला चव नसल्याचें खापर फुटतें, तिच्या हातून बहुधा एवढाच क्रम चुकलेला असतो. मिक्सर वापरूं नये असें नव्हे. कांदा आधीं परतावा, भाजावा किंवा निदान उकडावा, आणि निवाल्यावर मग वाटावा.

तांबूसपणासंबंधीं थोडें सांगणें अवश्य आहे. कांद्यांतील साखर आणि अमिनो अम्लें यांच्या संयोगानें तो रंग आणि ती खमंग चव येते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. ती वेगानें होण्यास सुमारें १४० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पाणी १०० अंशांवर उकळतें. म्हणून भांड्यांत पाणी आहे तोंवर कांदा शिजेल, पण तांबडा होणार नाहीं. पाककृतींच्या पुस्तकांतून 'पांच मिनिटें कांदा गुलाबी परतावा' असें छापलेलें असतें, तो लेखकाचा आशावाद समजावा. घरच्या आंचेवर चार-पांच कांदे खरोखर तांबूस होण्यास अर्धा तास सहज लागतो. आरंभीं चिमूटभर मीठ टाकलें तर पाणी लवकर सुटून कांदा लवकर मऊ होतो. परंतु तें पाणी आटेपर्यंत रंगासाठीं थांबावेंच लागतें.

आतां टोमॅटो. हें फळ मूळचें दक्षिण अमेरिकेंतील आणि युरोपीय लोकांबरोबर हिंदुस्थानांत आलेलें. मराठवाड्याच्या जुन्या कालवणांत त्याचें काम चिंच करीत असे. लग्नकार्यांतील येसराच्या आमटीला तर भाजून दळलेल्या धान्याडाळींनींच दाटपणा येतो. टमाट्याला स्थान मिळालें तें मागाहून, आणि म्हणूनच कीं काय, तो केव्हां घालावा याविषयीं ठाम परंपरा बनलेली दिसत नाहीं. नियम मात्र साधा आहे. वनस्पतींच्या पेशी एकमेकींस चिकटवून ठेवणारें पेक्टिन नांवाचें द्रव्य उष्णतेनें सुटतें, तेव्हां भाजी मऊ होते. आंबटपणा असला तर तें सहजीं सुटत नाहीं. कांदा मऊ होण्यापूर्वीं टोमॅटो पडला, तर कांद्याच्या फोडी तासभर शिजवूनहि रश्शांत वेगळ्या दांताखालीं येतात. चिंचेचा कोळ मागाहून घालण्याची पद्धत याच कारणानें शहाणपणाची होती.

टोमॅटो चिरण्यांतहि खुबी आहे. तो चिरतांच त्यांतील विकरें पेक्टिन तोडूं लागतात. म्हणून सकाळीं चिरून ठेवलेल्या टमाट्यांचें पाणी वेगळें आणि गर वेगळा होतो, आणि रस्सा पातळ पडतो. चिरल्याबरोबर कढत भांड्यांत टाकला, तर विकरें मरतात आणि रस्सा दाट होतो. सॉस करणारे कारखानदार हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर योजतात. बियांभोवतालचा बुळबुळीत भाग कित्येक सुगरणी नेटकेपणाच्या हौसेनें काढून टाकतात. तें करूं नये. चवीला भरीवपणा देणारें ग्लुटामिक अम्ल बाहेरच्या गरापेक्षां त्या भागांतच अधिक असतें. साल नको असेल तर टोमॅटो मधोमध कापून किसणीवर किसावा. गर उतरतो आणि साल हातांत राहते.

टोमॅटो पडल्यावर तेल सुटेपर्यंत परतावें असें सांगतात, त्याचाहि अर्थ पाण्याशींच आहे. टोमॅटोंत शेंकडा ९४-९५ भाग पाणी. तें आटलें कीं तेलाला धरून ठेवणारें कांहीं उरत नाहीं आणि तें कडेनें वेगळें दिसूं लागतें. तेल सुटलें म्हणजे पाणी गेलें. मसाला घालून पुन्हां परतण्याची वेळ तीच.

राहतां राहिला कांद्याच्या जातीचा प्रश्न. खरिपाचा कांदा, उदाहरणार्थ 'बसवंत ७८०', दिसायला गडद तांबडा पण टिकाऊपणांत कमी. रब्बीचा 'एन २-४-१' साठवणीचा. चाळींत महिनोन्‌महिने राहिलेला उन्हाळी कांदा घट्ट असतो, तो लवकर रंग धरतो. दिवाळीच्या सुमारास बाजारांत नवा कांदा येतो तेव्हां तोच रस्सा, तीच बाई आणि तेंच भांडें असूनहि परतायला वेळ अधिक लागतो. त्या दिवसांत कांदा थोडा जाड चिरावा, भांडें पसरट घ्यावें आणि झांकण ठेवूं नये.