यादीतल्या नावामागचा माणूस



अध्यक्षीय भाषण व्यापक असावं अशी अपेक्षा असते. मी फक्त एका यादीबद्दल बोलणार आहे. प्रोग्रॅमिंगची भाषा कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवण्याची जबाबदारी तिचे कर्ते अधिकृतपणे घेतात, ती यादी. धडगावच्या एखाद्या शाळेतल्या जुन्या संगणकावर नवं पायथॉन बसेल की नाही, हे तिथे ठरतं.

विंडोज ७ चंच घ्या. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या पायथॉन ३.९ ने विंडोज ७ वगळलं. ‘अहो, मशीन चालतंय की अजून!’ ही आपल्या शिक्षकांची तक्रार खोटी नाही. तरीही मी यादी छाटणाऱ्यांच्या बाजूने आहे.

कारण लोक न दिलेली हमीसुद्धा मिळालीच आहे असं धरून चालतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीने आपला थोडा भाग रस्ट भाषेत आणला. अल्फा, एचपीपीए अशा जुन्या प्रोसेसरांसाठी रस्टचा कंपायलर नव्हता. तिथले लोक खवळले. लायब्ररीच्या कर्त्यांनी मात्र त्या यंत्रांवर कधी चाचणीच घेतलेली नव्हती. सी मधला कोड तिथे कंपाइल होत होता, इतकंच. कंपाइल झालेला प्रोग्रॅम उत्तर बरोबर देतोच असं नाही, आणि सांकेतिक लेखनाच्या कामात चुकलेलं उत्तर कुणाच्या लक्षातही न येण्याचा धोका असतो.

दत्तजयंतीला आपल्या नंदुरबार जिल्ह्यात भरणाऱ्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक नुसत्या रंगावर पैसे मोजत नाही. दात बघतो, चालवून दाखव म्हणतो. रस्टने हाच फरक यादीत लिहून ठेवलाय. पहिल्या पायरीवर ‘चालेल’ ही हमी, दुसरीवर ‘बिल्ड होईल’ एवढीच, तिसरीवर कोड आहे पण हमी नाही. पायथॉनमध्ये हे ‘पेप ११’ या दस्तऐवजात आहे. पहिल्या पायरीवरची चाचणी फसली तर नवी आवृत्तीच अडते. दुसऱ्या पायरीसाठी किमान दोन कोअर डेव्हलपर जबाबदार लागतात, तिसरीसाठी एक. आणि चाचणीचं यंत्र कायम चालू हवं. वापरणारे किती यापेक्षा सांभाळणारे कोण, हे आधी विचारलं जातं. मला ते पटतं. हजारो वापरणारे असले तरी रात्री मोडलेला बिल्ड सकाळी एकालाच दुरुस्त करावा लागतो.

सांभाळणारे मिळाले की दारही उघडतं. मे २०२४ च्या १.७८ आवृत्तीपासून रस्टने विंडोज १० ही किमान अट केली, तरी विंडोज ७ साठी तिसऱ्या पायरीवर वेगळी नोंद आहे. तिची देखभाल नावानिशी अंगावर घेतलेली आहे. अँड्रॉइडवर पायथॉन चालवण्याचे उद्योग कितीतरी वर्षं बाहेरच्या बाहेर चालू होते. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये अँड्रॉइड तिसऱ्या पायरीवर अधिकृत झालं. आपल्या कित्येक मुलांचा पहिला संगणक फोनच असतो, म्हणून मला ही बातमी मोठी वाटते. अर्थात ती सोय मुख्यतः ॲप बनवणाऱ्यांची आहे; फोनवर धडे गिरवणाऱ्या मुलांचं काम अजून बाहेरच्या ॲपांवरच भागतं.

यादी करणाऱ्यांना एकच सांगणं आहे. वगळायचं तर वर्षभर आधी, ठळकपणे सांगा. शाळेची संगणक-खरेदी तुमच्या रिलीजच्या तारखेने होत नसते.

आणि आपण? ‘आमचं मशीन यादीत घ्या’ असे अर्ज पाठवून काही होणार नाही. पायथॉनच्या चाचण्या चालवणारी कितीतरी यंत्रं जगभरच्या स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी जोडलेली आहेत. ३२-बिट रास्पबेरी पाय तिसऱ्या पायरीवर आहेच. तसलं एक स्वस्त यंत्र शहादा किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात ठेवता येईल. वीज गेल्यावर ते आपोआप सुरू व्हायला हवं, आणि लाल झालेली चाचणी विद्यार्थ्यांनी वाचून नीट कळवायला हवी. तेव्हा दुपारच्या सत्रात दोनच गोष्टी ठरवू: यंत्र कुठल्या प्रयोगशाळेत ठेवायचं, आणि उन्हाळी सुट्टीत त्याकडे बघणार कोण.